आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक : दहावीनंतरचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

आमच्या शेजारच्या मुलीनं गेल्या वर्षी घरीच मोबाइलवर आयटीआयचा अर्ज भरला, शुल्क भरलं, पावती जपून ठेवली आणि यादीची वाट बघत बसली. यादीत तिचं नावच आलं नाही. अर्ज भरल्यावर मूळ कागदपत्रं घेऊन आयटीआयमध्ये जाऊन तो ‘निश्चित’ करावा लागतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. चांगले गुण असूनही शेवटच्या समुपदेशन फेरीत उरलेला दुसराच ट्रेड, म्हणजे व्यवसाय अभ्यासक्रम, तिला घ्यावा लागला. असं आणखी कुणाचं होऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. सुरुवात मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट मोजायचं यंत्र) आणि सोल्डरिंगपासून (धातू वितळवून सांधे जोडणं) होते. मग पॉवर सप्लाय, ट्रान्झिस्टर, 555 टायमर, लॉजिक गेट, पुढे मायक्रोकंट्रोलर, सेन्सर, एसएमपीएस (स्विचिंगवर चालणारा पॉवर सप्लाय), यूपीएस. माझ्या भाच्यानं पहिल्याच महिन्यात सोल्डर केलेला एक एलईडी दाखवायला आणला होता. लागत नव्हता. सरांनी त्याला सांध्यावरचा राखाडी, निस्तेज गोळा दाखवला : हा ‘ड्राय जॉइंट’, पुन्हा कर. दुसऱ्या वेळी सांधा चकाकला आणि दिवा लागला. ज्या मुलांना असं हातानं शिकायला आवडतं, त्यांनी हा ट्रेड जरूर घ्यावा.

पात्रता साधी आहे. दहावी उत्तीर्ण, विज्ञान आणि गणित हे विषय घेऊन. वय किमान 14 वर्षं पूर्ण हवं, वरची मर्यादा नाही. प्रवेश परीक्षा नसते, दहावीच्या गुणांवर गुणवत्ता यादी लागते. मुलींसाठी 30 टक्के जागा राखीव असतात. पालकांनो, ‘हे मुलांचं काम’ म्हणून मुलीला मागे ठेवू नका. बारीक सोल्डरिंगला स्थिर हात लागतो, ताकद नव्हे.

कागदपत्रांत दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार कार्ड हवंच. राखीव प्रवर्गासाठी जातीचा दाखला लागतो. इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त जमाती, विशेष मागास प्रवर्ग आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) यांना नॉन-क्रिमीलेअरचा दाखलाही लागतो, अनुसूचित जाती-जमातींना नाही. सगळ्यात जास्त अडचण या नॉन-क्रिमीलेअरचीच होते, कारण त्याची मुदत 31 मार्चला संपते आणि निकाल त्यानंतर लागतो. तो तारीख बघूनच काढून ठेवा. निकालानंतर सेतू केंद्रात रांगा लागतात. दहावी महाराष्ट्राबाहेर झाली असेल, तर अधिवास प्रमाणपत्राची तयारी ठेवा. उत्पन्नाचा दाखला पुढे महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शुल्क सवलतीच्या अर्जाला लागतो. आणि सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे का, हे आजच बघा.

अर्ज व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या प्रवेश पोर्टलवर भरायचा. मोबाइल नंबर घरातलाच द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको, कारण पुढचे सगळे संदेश त्याच नंबरवर येतात. शुल्क भरलं की जवळच्या शासकीय आयटीआयमध्ये मूळ कागदपत्रं तपासून अर्ज निश्चित करून घ्या. प्राथमिक यादी लागल्यावर हरकत घ्यायला थोडेच दिवस मिळतात. गुण किंवा प्रवर्ग चुकला असेल तर तेवढ्यातच दुरुस्त करून घ्यायचा.

अर्ज निश्चित झाल्यावर विकल्प भरायचे. इथे घाई करू नका. एक विकल्प म्हणजे एक संस्था आणि एक ट्रेड, अशी जोडी. ‘औंध, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक’ हा एक, ‘औंध, इलेक्ट्रिशियन’ हा दुसरा. पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळाला तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर पडतं. त्यामुळे खरोखर जे हवं तेच वर ठेवा. शेजारच्या तालुक्यातली एसटीनं रोज जाता येईल अशी संस्था आणि इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकसारखे जवळचे ट्रेडही खाली भरा. एकच विकल्प भरून थांबलेली मुलं मी पाहिली आहेत.

बारावीचं काय, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांना बारावी न करताही पॉलिटेक्निकच्या (अभियांत्रिकी पदविका) थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. नोकरीकडे जायचं असेल तर आयटीआयनंतर कारखान्यात विद्यावेतनासह अप्रेंटिसशिप, म्हणजे शिकाऊ उमेदवारी, करता येते. यादीत नाव आलं की दिलेल्या तारखांच्या आत मूळ दाखले घेऊन संस्थेत हजर व्हा, आणि प्रत्येक दाखल्याच्या दोन-दोन झेरॉक्स जवळ ठेवा.