बग नोंदणी आणि मागोवा (मुक्त सॉफ्टवेअर)

मुक्त सॉफ्टवेअर वापरताना आढळलेला दोष प्रकल्पाला लेखी कळवणे म्हणजे बग नोंदणी. त्या नोंदीची छाननी, दुरुस्ती आणि दुरुस्त आवृत्ती वापरकर्त्याच्या हाती पडेपर्यंतची देखरेख म्हणजे मागोवा. सोर्स कोड (प्रोग्रामची मूळ आज्ञावली) सर्वांना खुला असतो, पण दोष ज्या संगणकावर दिसला तो दुरुस्त करणाऱ्यासमोर नसतो. म्हणून वाचणाऱ्याला तोच दोष आपल्या यंत्रावर घडवून आणता येईल, अशी नोंद खरी उपयोगाची.

डेबियन या लिनक्स वितरणाची (ऑपरेटिंग सिस्टीम आणि प्रोग्राम एकत्र देणाऱ्या संचाची) बग प्रणाली १९९४ पासून चालू आहे आणि तिचा कारभार ईमेलवर चालतो. प्रत्येक दोषाला क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकाच्या पत्त्यावर आलेले प्रत्येक पत्र नोंदीत जमा होते. मोझिला प्रकल्पाचे बगझिला हे बग नोंदणीचे सॉफ्टवेअर १९९८ मध्ये आले. टेरी वीसमन यांनी ते आधी टीसीएल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिले, नंतर पर्ल या भाषेत आणले. केडीई हा डेस्कटॉप प्रकल्प आणि लिबरऑफिस हा ऑफिस संच बगझिलाच वापरतात. ग्नोम हे दुसरे डेस्कटॉप २०१८ मध्ये गिटलॅब या कोड आणि नोंदी ठेवणाऱ्या व्यासपीठावर गेले, तर पायथॉन भाषेच्या प्रकल्पाने २०२२ मध्ये गिटहब या तशाच व्यासपीठाचा इश्यू ट्रॅकर (बग नोंदींची यादी) स्वीकारला.

लिहायला बसण्यापूर्वी नोंद कुठे करायची ते ठरवावे लागते. वितरणाच्या भांडारातून बसवलेला प्रोग्राम बहुधा मूळ प्रकल्पापेक्षा जुना असतो आणि त्यात वितरणाचे स्वतःचे पॅच (कोडमधले बदल) असू शकतात. अशा वेळी आधी वितरणाकडे कळवावे. मूळ प्रकल्पाच्या ताज्या आवृत्तीतही तोच दोष दिसला, तर थेट तिकडे. मग त्रुटी-संदेशातले नेमके शब्द टाकून जुन्या नोंदी शोधाव्यात. बंद झालेल्या नोंदीही तपासाव्यात, कारण दुरुस्ती कधीकधी तिथेच सापडते.

नोंदीत प्रोग्रामची अचूक आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टीम, क्रमवार पायऱ्या, अपेक्षित परिणाम आणि प्रत्यक्षात घडलेले, एवढे असावेच. ‘नवीनतम आवृत्ती’ असे लिहू नये. महिन्याभराने त्या शब्दांना अर्थ उरत नाही. सर्वाधिक मेहनत उदाहरण लहान करण्यावर घ्यावी. चाळीस पानांची फाइल उघडताना प्रोग्राम कोसळत असेल, तर निम्मी पाने काढून पुन्हा पाहावे. तरीही कोसळला तर उरलेल्यातली निम्मी काढावीत, न कोसळल्यास काढलेल्या भागात शोधावे. असे करत एका परिच्छेदापर्यंत पोहोचले की कारण अर्धेअधिक उघड होते. नवीन प्रोफाइलवर किंवा सर्व एक्स्टेन्शन बंद करूनही करून पाहावे. दोष नाहीसा झाला, तर तो आपल्या सेटिंगमध्ये किंवा एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये दडलेला असतो. आपला अंदाज लिहायला हरकत नाही, मात्र तो निरीक्षणापासून वेगळा ठेवावा. चुकीचा अंदाज वस्तुस्थितीसारखा मांडला की तपास भलतीकडे जातो.

प्रोग्राम कोसळल्यास जीडीबी या दोष शोधण्याच्या साधनाने घेतलेला बॅकट्रेस (कोसळताना चालू असलेल्या फंक्शनची यादी) जोडावा. डिबग सिम्बॉल (फंक्शनची नावे सांगणारी जादा माहिती) बसवलेले नसतील तर त्यात फंक्शनच्या नावांऐवजी प्रश्नचिन्हे दिसतात आणि तो जवळजवळ निरुपयोगी ठरतो. संदेशाचे छायाचित्र देऊ नये, मजकूरच चिकटवावा; चित्रातली अक्षरे शोधात सापडत नाहीत. लॉगमधले (प्रोग्रामने लिहिलेल्या नोंदींतले) पासवर्ड आणि टोकन (पासवर्डसारखे गुप्त संकेत) आधी काढावेत. कोअर डम्प (कोसळतानाच्या मेमरीची प्रत) तर जाहीरपणे जोडूच नये, कारण त्यात त्या प्रोग्रामच्या मेमरीतला खासगी मजकूर असू शकतो.

आधी नीट चालणारी गोष्ट बिघडली असेल तर तो रिग्रेशन. येथे ‘गिट बायसेक्ट’ (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिट या साधनातली सोय) फार मोलाचे आहे. चालणारी आणि बिघडलेली अशा दोन आवृत्त्या दिल्या की ते दर खेपेला मधला कमिट (कोडमधला एक नोंदवलेला बदल) तपासायला देते. १००० कमिटमधून दोषी कमिट साधारण १० चाचण्यांत सापडतो. हे काम कोड न कळणाराही करू शकतो, फक्त प्रोग्राम बिल्ड करता (कोडपासून तयार करता) आला पाहिजे.

सुरक्षेला धोका पोहोचवणारा दोष जाहीर ट्रॅकरवर टाकू नये. प्रकल्पाने दिलेल्या खासगी पत्त्यावर कळवावा. लिनक्स वितरणांच्या सामाईक खासगी यादीवर अशी माहिती जास्तीत जास्त १४ दिवस गुप्त ठेवता येते.

नोंद आल्यावर छाननी होते. डेबियनमध्ये तीव्रतेच्या सात पायऱ्या आहेत. त्यांतल्या वरच्या तीन नव्या आवृत्तीचे प्रकाशन रोखू शकतात, तर सर्वांत खालची मुख्यतः नव्या सोयीच्या मागणीसाठी आहे. तीव्रता आणि प्राधान्य एक नव्हे. दोष किती नुकसान करतो ही तीव्रता. तो कधी हाती घ्यायचा हे प्राधान्य, आणि ते काम करणाऱ्यांनीच ठरवावे. विचारलेली माहिती आली नाही की अनेक प्रकल्प नोंद बंद करतात. ते रास्त आहे. पण पूर्ण माहिती असलेली नोंद केवळ जुनी झाली म्हणून यंत्राकरवी बंद करणे घातक आहे: दोष तसाच राहतो आणि कळवणारा पुन्हा फिरकत नाही.

कमिटच्या संदेशात क्रमांक ठरलेल्या पद्धतीने लिहिला की दुरुस्ती कोडच्या मुख्य शाखेत येताच नोंद आपोआप बंद होते. वापरकर्त्याकडे मात्र दोष अजून असतोच, कारण नवे प्रकाशन आणि त्यानंतर वितरणाचे पॅकेज यायचे असते. म्हणून डेबियन प्रत्येक दोष कोणत्या आवृत्तीत आढळला आणि कोणत्या आवृत्तीत सुटला, हे वेगवेगळे नोंदवते. नवी आवृत्ती आल्यावर मूळ पायऱ्या पुन्हा करून निकाल त्याच नोंदीत लिहावा, आणि तेच लहान उदाहरण प्रकल्पाच्या स्वयंचलित चाचण्यांत घालावे.