स्मार्ट मीटरमधला खटका: वीजजाळ्याच्या सायबर सुरक्षेची पार्श्वभूमी

नागपुरात २०२४ मध्ये स्मार्ट प्रीपेड मीटरला जो विरोध झाला, त्याचा रोख मुख्यतः बिलावर होता. मीटर जास्त पळेल का, पैसे संपले की अपरात्री वीज जाईल का, हे लोकांचे प्रश्न रास्तच होते. त्या वर्षी जूनमध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांकडे प्रीपेड मीटर बसवणार नसल्याचे जाहीर केले आणि पुढे वापरानंतर बिल येणारे टीओडी मीटर, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार वापर नोंदवणारे मीटर, बसू लागले. आगाऊ पैसे भरण्याची अट गेली, पण या मीटरमधली संदेशवहनाची सोय आणि दुरून वीज तोडण्या-जोडण्याचा खटका यांचा विचार त्या वादात फारसा झाला नाही. सुरक्षेच्या दृष्टीने खरा बदल या दोन गोष्टींतच आहे.

चकतीच्या जुन्या मीटरमध्ये फेरफार करायचा तर प्रत्येक घरी जाऊन मीटरलाच हात घालावा लागे. त्यामुळे नुकसान त्या एका जोडणीपुरते मर्यादित राही. इलेक्ट्रॉनिक मीटर आल्यावर आकडे स्मृतीत साठू लागले आणि मीटरच्या दर्शनी भागावरील प्रकाशीय पोर्टमधून, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या जागेतून, ते वाचता येऊ लागले. त्याच पोर्टमधून मीटरच्या सेटिंगमध्ये बदल करून कमी वापर नोंदवण्याचे प्रकार प्युर्टो रिकोमध्ये उघड झाले आणि अमेरिकेच्या एफबीआयने २०१० मध्ये त्याविषयी इशारा दिला. भारतात स्मार्ट मीटरचे मानक, आयएस १६४४४, २०१५ मध्ये आले. त्यानुसार मीटर ‘हेड एंड’ या मध्यवर्ती संगणक प्रणालीशी बोलतो आणि तिची आज्ञा मिळताच आतला खटका वीज बंद करतो. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत, म्हणजे आरडीएसएसमध्ये, देशभर असे २५ कोटी मीटर बसवण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले.

या खटक्यातला धोका केंब्रिज विद्यापीठातील रॉस अँडरसन आणि शैलेंद्र फुलोरिया यांनी २०१० मध्येच दाखवून दिला होता. कोट्यवधी घरांची वीज ज्या आज्ञेने बंद होते ती आज्ञा शत्रूच्या हाती पडली तर काय, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर भारताला कोणत्याही हल्ल्याशिवाय मिळाले. १२ ऑगस्ट २०२० रोजी, ऐन जन्माष्टमीला, उत्तर प्रदेशात लखनौसह अनेक शहरांतील लाखाहून अधिक स्मार्ट मीटरधारकांची वीज एकाएकी गेली. तारा तुटल्या नव्हत्या, रोहित्र जळाले नव्हते. चुकीची आज्ञा गेली होती. राज्य सरकारने चौकशी लावली आणि नव्या मीटरची बसवणी थांबवली. माझ्या मते स्मार्ट मीटरच्या भारतीय इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची घटना आहे, कारण अनवधानाने जे घडले ते कोणी हेतुपुरस्सर घडवणे अशक्य नाही, हे तिने दाखवले.

ही अडचण अंधारात बसलेल्या घरांपुरती राहत नाही. विजेचे उत्पादन आणि मागणी यांचा मेळ क्षणोक्षणी राखावा लागतो; मोठी मागणी एकदम गळाली की विजेची वारंवारता, म्हणजे प्रवाहाच्या दर सेकंदाच्या आवर्तनांची संख्या, नेहमीच्या ५० हर्ट्झच्या वर उसळते आणि वीजनिर्मितीचे संच बंद पडू शकतात. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतले संच जवळ असल्याने नागपूरकर निर्धास्त असतात; पण ती वीज शहरासाठी राखून ठेवलेली नसते, ती सामाईक जाळ्यात जाते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी जोडले आणि सारा देश एकाच वारंवारतेवर आला. यामुळे आधार वाढला, तसा बिघाड पसरण्याचा मार्गही मोकळा झाला.

बाहेरचे अनुभव याहून कठोर आहेत. अमेरिकेतील आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००७ मध्ये केवळ संगणकीय आज्ञांनी एक डिझेल जनित्र मोडून दाखवले. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये हल्लेखोरांनी तीन वितरण कंपन्यांच्या नियंत्रण कक्षांत दुरून शिरून उपकेंद्रांतले ब्रेकर, म्हणजे वीजप्रवाह तोडणारे मोठे खटके, उघडले. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक काही तास अंधारात राहिले आणि तक्रार केंद्राचे दूरध्वनीही खोट्या कॉलनी भरून टाकले गेले. कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांत जाऊन हाताने ब्रेकर जोडले म्हणून वीज लवकर परतली. स्वयंचलनाच्या उत्साहात हे हातचे कसब गमावता कामा नये, असे मला कळकळीने वाटते. पुढच्याच वर्षी कीव्हच्या उपकेंद्रावर खास वीजजाळ्यासाठी लिहिलेला घातक प्रोग्रॅम वापरला गेला.

महाराष्ट्रात हा विषय १२ ऑक्टोबर २०२०च्या मुंबईतील वीजबंदीने गाजला. रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीने २०२१ मध्ये चीनशी संबंधित गटाने भारतीय वीजयंत्रणांना लक्ष्य केल्याचे सांगितले; राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री, नागपूर जिल्ह्यातील काटोलचे आमदार अनिल देशमुख यांनी सायबर घातपाताची शक्यता मांडली, तर तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मानवी चूक हे कारण दिले. त्याआधी, जुलै २०२० मध्ये, आयात वीज उपकरणांची घातक प्रोग्रॅमसाठी तपासणी बंधनकारक झाली होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने वीज क्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे दिली. नियंत्रणाची यंत्रणा इंटरनेटपासून अलग ठेवावी आणि प्रत्येक संस्थेत माहिती सुरक्षेचा जबाबदार अधिकारी असावा, या त्यातल्या मुख्य अपेक्षा.

नागपूरला खासगी भागीदारी नवी नाही. २०११ ते २०१९ या काळात महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स या विभागांचे वितरण खासगी फ्रँचायझीकडे होते. तेव्हा वीज तोडायला माणूस दारात यायचा. आता मीटर बसवण्याबरोबर संपर्क आणि हेड एंड चालवण्याचे कामही सुमारे दहा वर्षांसाठी कंत्राटदाराकडे आहे. म्हणून मीटरच्या सांकेतिक किल्ल्या, म्हणजे आज्ञा खरी असल्याची खूण पटवणारे गुप्त संकेत, प्रत्येक मीटरला वेगळ्या आहेत का, हजारो जोडण्या एकदम तोडणारी आज्ञा दुसऱ्या व्यक्तीच्या मंजुरीशिवाय जाऊ शकते का, आणि कंत्राट संपल्यावर त्या किल्ल्या बदलल्या जाणार का, हे प्रश्न बिलाच्या प्रश्नाइतक्याच आग्रहाने महावितरणला विचारायला हवेत.