जैवमाहिती डेटाबेस आणि क्रमतुलना

जैवमाहिती डेटाबेस आणि क्रमतुलना : डीएनए, आरएनए व प्रथिने यांच्या घटकांचा क्रम अक्षरांत नोंदवून जतन करणारे संगणकीय संग्रह आणि त्या क्रमांतील साम्य मोजण्याच्या पद्धती. प्रस्तुत नोंदीतील उदाहरणे सोलापूर जिल्ह्यातील डाळिंब व रब्बी ज्वारी या पिकांची आहेत.

पहिला डेटाबेस कोणता, याविषयी मतभेद आहेत. मार्गारेट डेहॉफ यांनी १९६५ मध्ये ६५ प्रथिनांचे क्रम संकलित करून ॲटलसच्या रूपात छापले. संग्रह संगणकावर असायला हवा, असा आग्रह धरणारे मात्र हा मान अमेरिकेतील लॉस ॲलामॉस प्रयोगशाळेत वॉल्टर गोड यांनी १९७९ च्या सुमारास सुरू केलेल्या संग्रहाला किंवा जर्मनीतील हायडेलबर्गच्या ईएमबीएल या युरोपीय प्रयोगशाळेच्या संग्रहाला (१९८०) देतात. लॉस ॲलामॉसच्या संग्रहातूनच १९८२ मध्ये जेनबँक हा अमेरिकी संग्रह उभा राहिला. विखुरलेले क्रम गोळा करणे, पडताळणे आणि एकाच स्वरूपात मांडणे हे डेटाबेसचे खरे काम. ते डेहॉफ यांनी आधी केले, म्हणून त्यांचा दावा अधिक ग्राह्य वाटतो.

जेनबँक, ईएमबीएलचा युरोपीय संग्रह आणि जपानचा डीडीबीजे संग्रह आपापल्या नोंदींची नियमित देवाणघेवाण करतात. त्यामुळे एका ठिकाणी दाखल केलेला क्रम तिन्हीकडे मिळतो. या संग्रहांत नोंदीचे नाव व वर्णन मुख्यतः दाखल करणारा संशोधकच देतो. याउलट आमोस बैरोख यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या स्विस-प्रॉटमधील प्रथिनांच्या नोंदी तज्ज्ञ तपासतात. हा फरक ध्यानात न घेता केलेली तुलना चुकीच्या नावावर जाऊन थांबू शकते.

क्रमतुलनेत दोन क्रम एकाखाली एक मांडून जुळणीला गुण आणि रिकाम्या जागांना दंड दिला जातो. नीडलमन-वुन्श पद्धत (१९७०) पूर्ण लांबीची, तर स्मिथ-वॉटरमन पद्धत (१९८१) सर्वाधिक जुळणाऱ्या तुकड्याची मांडणी शोधते. निवडलेल्या गुणपद्धतीनुसार सर्वोत्तम उत्तराची हमी दोन्ही देतात. परंतु श्रम दोन्ही लांबींच्या गुणाकाराइतके वाढतात. ब्लास्ट (१९९०) ही संगणकप्रणाली प्रथम लहान शब्दांच्या (काही अक्षरांच्या तुकड्यांच्या) जुळण्या हेरते आणि तेवढ्याच पुढे वाढवते. वेग मिळतो, पण दूरचे साम्य क्वचित निसटते. प्रथिनांच्या जुळणीला गुण देण्यासाठी डेहॉफ यांच्या पॅम या गुणसारण्यांऐवजी (१९७८) आता बहुधा ब्लोसम-६२ ही सारणी (१९९२) वापरतात. तितक्याच गुणांची जुळणी निव्वळ योगायोगाने किती वेळा मिळावी, हे ई-मूल्य सांगते. ते संग्रहाच्या आकारावर अवलंबून असते. साहजिकच जुन्या प्रबंधातील ई-मूल्य आजच्या मूल्याशी थेट ताडून पाहू नये.

डाळिंबावरील तेल्या हा जिवाणूजन्य रोग सोलापूरच्या बागायतदारांना परिचित आहे. केगाव येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून कार्यरत आहे. या रोगाच्या जिवाणूला दीर्घकाळ झँथोमोनास ॲक्सोनोपोडिस पॅथोव्हार (रोगकारक उपप्रकार) प्युनिकी म्हटले गेले. अलीकडचे वर्गीकरण त्याला झँथोमोनास सिट्री या जातीत घालते आणि जीनोमांची (संपूर्ण डीएनए क्रमांची) तुलना पाहता तेच अधिक पटते. जुन्या लेखांत मात्र पहिलेच नाव आढळते, म्हणून शोध दोन्ही नावांनी घ्यावा. या जिवाणूच्या एलएमजी ८५९ या प्रभेदाचा मसुदा (अपूर्ण जोडणीचा) जीनोम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. बागेतून वेगळा केलेला जिवाणू ओळखताना केवळ १६एस आरआरएनए या, जिवाणू ओळखण्यासाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या जनुकावर विसंबणे धोक्याचे आहे. झँथोमोनासच्या जातींमध्ये हे जनुक जवळजवळ सारखे असल्याने ९९ टक्के साम्यही जात ठरवू शकत नाही. जायरेज-बीसारखी जनुके अधिक निर्णायक ठरतात. रोग ठरवताना डाळिंबाच्या रोपावर संसर्ग करून पाहणे हीच कसोटी आहे. क्रमतुलनेने ती टळत नाही.

डाळिंबाचे पहिले जीनोम २०१७ च्या सुमारास चिनी वाणांवरून प्रसिद्ध झाले. डाळिंबाच्या भगवा वाणातील जनुक त्यांत न सापडल्यास ते त्या वाणांत नसेलच असे नाही. जीनोमचे तुकडे जोडताना राहिलेली पोकळी हेही कारण संभवते.

ज्वारीचा संदर्भ जीनोम (२००९) बीटीएक्स ६२३ या अमेरिकी वाणाचा असून त्याची लांबी सुमारे ७३ कोटी अक्षरे आहे. मालदांडी या रब्बी ज्वारीच्या वाणात असलेला एखादा भाग बीटीएक्स ६२३ मध्ये नसेल, तर केवळ त्याच्याशी केलेल्या तुलनेत तो दिसत नाही.