गुडघ्याची झीज आणि हौशी धावणे

गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे बोलीत 'गुडघ्याची झीज', असलेल्या व्यक्तीने स्पर्धेसाठी नव्हे तर आवडीने धावावे का? जळगावचा मेहरूण तलाव असो की धुळ्यातला पांझरेचा काठ, पहाटे फिरायला येणाऱ्या पन्नाशीपुढच्या मंडळींत हा विषय हमखास निघतो. 'गादी घासली, आता पळणं बंद' हा सल्लाही लगेच मिळतो. तो सरसकट खरा नाही.

कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या या 'गादीत', रक्तवाहिन्या नसतात. पाऊल टेकले की ती दाबली जाते, उचलले की पुन्हा फुगते, आणि या दाब-सुटीतूनच सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळते. म्हणून गुडघा टायरसारखा किलोमीटरमागे झिजत नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये केलेल्या विश्लेषणात खुब्याचा किंवा गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस हौशी धावपटूंपैकी ३.५ टक्के, न धावणाऱ्यांपैकी १०.२ टक्के, तर स्पर्धात्मक धावपटूंपैकी १३.३ टक्के लोकांत आढळला.

झीज आधीच असेल तर? अमेरिकेतील 'ऑस्टिओआर्थ्रायटिस इनिशिएटिव्ह' या दीर्घ पाहणीतील अशाच पन्नाशीपुढच्या लोकांवरचा अभ्यास २०१८ मध्ये आला. चार वर्षांत धावणाऱ्यांचे दुखणे किंवा एक्स-रेतली झीज इतरांपेक्षा जास्त वाढली नाही. मात्र हे लोक आपल्या मर्जीने धावत होते. ज्यांना सोसत नव्हते त्यांनी आधीच सोडले असणार. धावल्याने झीज बरी होते, असा अर्थ यातून निघत नाही.

तासन्‌तास उकिडवे बसण्याने झिजेचा धोका वाढतो. खानदेशात निंदणीला दिवसभर बसणाऱ्या बाईच्या गुडघ्यांची चौकशी मात्र कोणी करत नाही, आणि तीच आधी व्हायला हवी.

धावायचे तर चालण्यात मधूनमधून थोडे धावणे मिसळावे, पावले आखूड आणि भरभर टाकावीत. दुखणे किंवा सूज दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकली तर अंतर कमी करावे. तोरणमाळच्या घाटासारखा उतार गुडघ्याच्या वाटीमागच्या भागावर जास्त भार टाकतो. सपाट मातीची वाट बरी. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा उजाडण्याआधीच उरकावे. वजन जास्त असल्यास एक किलो घटले की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. मांडीच्या स्नायूंसाठी खुर्चीवरून हात न टेकता उठबस करावी. गुडघा अडकत असेल किंवा अचानक लचकत असेल, तर धावणे थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.