म्हादई खोऱ्यातील पक्षीनिरीक्षण

उत्तर गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील म्हादई अभयारण्य आणि त्याला लागून असलेली गावे येथे चालणारे पक्षीनिरीक्षण. अभयारण्य १९९९ मध्ये घोषित झाले. क्षेत्रफळ सुमारे २०८ चौ. किमी. वाळपई हे तालुक्याचे ठिकाण. चोर्ला घाट आणि वाघेरीचा डोंगर या परिचित जागा.

सदाहरित रानात पाने दाट, उजेड कमी. त्यामुळे इथला पक्षी आधी ऐकू येतो आणि मग दिसलाच तर दिसतो. मलबारी राखी धनेशाचे खिदळणे, पांढऱ्या गालाच्या तांबटाची कुटुर्र-कुटुर्र, ओहोळाकाठी शीळकरी कस्तुराची माणसासारखी शीळ. भृंगराज इतरांच्या हुबेहूब नकला करून नवख्यालाच काय, जाणत्यालाही चकवतो. दुर्बीण हवीच, पण कान तयार नसतील तर ती गळ्यातच लोंबकळत राहते. श्रीलंकन फ्रॉगमाउथ हा निशाचर पक्षी मात्र दिवसा गप्प असतो. वाळक्या पानांच्या रंगाची जोडी फांदीला चिकटून बसलेली असते आणि माणूस हातभर अंतरावरून पुढे निघून जातो.

भटकत राहण्यापेक्षा फळाला आलेला उंबर गाठून स्वस्थ बसावे. धनेश, हरोळ्या, पोपट, बुलबुल तिथे आपणहून येतात. लाल गळ्याचा पिवळा बुलबुल हा गोव्याचा राज्यपक्षी. उन्हाळ्याच्या सुमारास धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तोंड लिंपून केवळ फट ठेवते आणि नर तिला फळे भरवतो. माणसांची वर्दळ दिसली की तो बिचकतो, भरवणे लांबते. ढोलीसमोर कॅमेरा रोवून बसण्याला पक्षीनिरीक्षण म्हणू नये. मोबाइलवर आवाज वाजवून कर्ण्याला (ट्रोगन पक्ष्याला) बाहेर ओढण्यालाही नाही.

देवाच्या धाकाने राखलेल्या देवरायांचे मोल इथे मोठे आहे. बांबर येथील निरंकाराच्या राईत रानजायफळाची दलदल टिकून आहे. कुळागरेही (सुपारी-नारळाच्या बागा) पाहावीत, हिवाळ्यात नवरंग ओल्या पाचोळ्यात चरताना दिसण्याची शक्यता असते.

नोव्हेंबर ते मार्च हा सोयीचा काळ. कस्तुराची शीळ खरी रंगते ती पावसात, पण तेव्हा जळवांची तयारी ठेवावी लागते. आत शिरायला वनखात्याची परवानगी घ्यावी आणि वाटेला गावचा माणूस बरोबर असावा. रानात वाघाचाही वावर आहे. २०२० च्या जानेवारीत गोळावली परिसरात चार वाघ मृतावस्थेत सापडले होते.