प्रचालन प्रणाली बसविताना होणारे बिघाड व त्यांचे निदान

संगणकावर नवी प्रचालन प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) बसविताना काम मध्येच थांबणे, पडदा गोठणे, संगणक आपोआप पुन्हा सुरू होणे किंवा त्रुटी-संदेश दाखवून प्रणाली कोसळणे, या बिघाडांची कारणे शोधून ती दूर करण्याच्या तंत्राचा विचार या नोंदीत केला आहे. रोजच्या वापरात प्रणाली कोसळली, तर तिच्या स्वतःच्या नोंदी आणि तपासणीची साधने हाताशी असतात. बसविताना मात्र ती अजून पुरती अस्तित्वात आलेली नसते; त्यामुळे फर्मवेअर (मदरबोर्डवरील चिपमध्ये असलेला, संगणक सुरू करणारा प्रोग्राम), स्थापना-माध्यम (पेनड्राइव्ह किंवा डीव्हीडी) आणि स्मृतीत (रॅममध्ये) तात्पुरती चढविलेली एक छोटी प्रणाली यांच्याकडून मिळेल तेवढ्याच माहितीवर निदान करावे लागते. सोलापुरातील दुरुस्ती दुकानांत या कामाला ‘विंडोज मारणे’ म्हणतात. येथे मात्र विंडोजबरोबरच लिनक्स गाभ्यावरील (कर्नलवरील) प्रणालींचाही विचार केला आहे.

इतिहास : गंभीर त्रुटी आढळताच यंत्र मुद्दाम थांबवावे, ही कल्पना यूनिक्स या प्रचालन प्रणालीइतकी जुनी आहे. मल्टिक्स या आधीच्या प्रणालीत त्रुटीतून सावरण्यासाठी फार मोठा संकेत (प्रोग्रामचा कोड) लिहिला जात असे. यूनिक्सचे एक जनक डेनिस रिची यांनी यूनिक्समध्ये तो वगळून ‘पॅनिक’ नावाचा एकच उपप्रोग्राम ठेवल्याचे आणि तो चालताच यंत्र बंद पडून कोणीतरी ते पुन्हा सुरू करावे अशी अपेक्षा असल्याचे सांगितले, अशी आठवण मल्टिक्सवर काम केलेले टॉम व्हॅन व्हलेक यांनी नोंदविली आहे. लिनक्समधील ‘कर्नल पॅनिक’ ही याच परंपरेतील संज्ञा होय.

प्रणाली कोसळताच विंडोजमध्ये येणाऱ्या निळ्या पडद्याच्या उगमाबद्दल मात्र मतभेद आहेत. एका मतानुसार १९८५ मधील विंडोजच्या पहिल्या आवृत्तीत चुकीची डॉस (विंडोज जिच्यावर चाले ती मूळ प्रणाली) आढळल्यास निळ्या पार्श्वभूमीवर जी निरर्थक अक्षरे उमटत, तीच या पडद्याची सुरुवात होय. परंतु तो प्रणाली थांबविण्याचा हेतुपुरस्सर केलेला उपाय नव्हता, म्हणून हे मत फारसे ग्राह्य वाटत नाही. दुसरे मत विंडोज ३.१ (१९९२) मधील निळ्या पडद्याकडे बोट दाखविते. कंट्रोल, आल्ट व डिलीट या कळा एकत्र दाबल्यावर येणाऱ्या त्या पडद्याचा मजकूर स्टीव्ह बामर यांनी लिहिला होता. मायक्रोसॉफ्टमधील रेमंड चेन यांनी २०१४ मध्ये ही हकिकत सांगितली, तेव्हा अनेक वृत्तपत्रांनी सर्वच निळ्या पडद्यांचे श्रेय बामर यांना दिले. चेन यांनी नंतर त्याची दुरुस्ती केली. त्यांच्या खुलाशानुसार हे तीन वेगळे पडदे असून विंडोज ९५ मधील पडद्याला अंतिम रूप त्यांनी स्वतः दिले, तर विंडोज एनटी या स्वतंत्र गाभ्यावरील आवृत्तीतील पडदा जॉन व्हर्ट यांनी लिहिला. ज्या एमआयपीएस प्रक्रियकाच्या (प्रोसेसरच्या) यंत्रांवर एनटीचे काम चाले, त्यांचे फर्मवेअर आणि व्हर्ट वापरीत असलेला मजकूर-संपादक प्रोग्राम (एडिटर) या दोहोंत निळ्यावर पांढरी अक्षरे असत. तोच रंग पडद्यालाही मिळाला, असे सांगितले जाते. विंडोज एक्सपी (२००१) पासून घरगुती आवृत्त्याही एनटीच्या गाभ्यावर आल्या. त्यामुळे स्थापनेत आज दिसणाऱ्या पडद्याचा थेट पूर्वज १९९३ मधील एनटीचाच मानणे सयुक्तिक ठरते. विंडोज ११ मध्ये २०२५ पासून हा पडदा काळा करण्यात आला आहे. त्यावरील थांबा-संकेतांकाचे (त्रुटीचा प्रकार सांगणाऱ्या क्रमांकाचे) महत्त्व तसेच राहिले आहे.

टप्प्यांवरून निदान : बिघाड कोणत्या टप्प्यावर झाला, हा स्थापनेतील सर्वांत मोलाचा पुरावा होय. विंडोजच्या स्थापनेत प्रथम एक छोटी प्रणाली स्मृतीत चढते, मग चकतीचे (हार्ड डिस्क किंवा एसएसडीचे) विभाग पाडले जातात, संकुचित प्रतिमा-फाइल उलगडून त्यातील फाइली चकतीवर लिहिल्या जातात, आणि संगणक पुन्हा सुरू झाल्यावर उपकरणे ओळखून त्यांचे ड्रायव्हर (उपकरण चालविणारे प्रोग्राम) जोडले जातात. पहिल्या टप्प्यात संगणक थांबल्यास संशय माध्यमावर, फर्मवेअरच्या मांडणीवर किंवा प्रक्रियकाच्या क्षमतेवर घ्यावा. फाइली लिहिताना थांबल्यास स्मृती, चकती व माध्यम यांवर. पुन्हा सुरू झाल्यानंतर थांबल्यास प्रामुख्याने ड्रायव्हरांवर. पडद्यावरील संदेश त्रोटक असला, तरी शिफ्ट व एफ १० या कळा एकत्र दाबून आज्ञा-खिडकी उघडता येते आणि ‘पँथर’ नावाच्या फोल्डरातील नोंद-फाइलींत शेवटची यशस्वी कृती व पहिली त्रुटी वाचता येते. ही फाइल न वाचता पुन्हापुन्हा ‘रिट्राय’ करीत राहण्याची सवय दुरुस्ती करणाऱ्यांत बरीच आढळते आणि तिच्यामुळे वेळ वाया जातो, शिवाय आधीच डळमळीत झालेली चकती अधिक झिजते.

बहुतेक कोसळण्यांना बाह्य उत्पादकांचे ड्रायव्हर जबाबदार असतात, असे सामान्यतः मानले जाते. चालू प्रणालीवरच नवी आवृत्ती चढविताना हे मत बरेच लागू पडते; सी१९००१०१ ने सुरू होणारा षोडशमान संकेतांक देऊन विंडोज जुन्या आवृत्तीकडे परतते, तेव्हा बहुधा ड्रायव्हरच कारण असतो, आणि प्रिंटर, डोंगल व जुना अँटिव्हायरस काढल्यावर काम पुढे सरकते. चकती पुसून केलेल्या कोऱ्या स्थापनेत बाह्य ड्रायव्हर जवळजवळ नसतातच. तेथे हार्डवेअर व माध्यम यांचा वाटा मोठा असतो, हे दुसरे मत अधिक पटण्यासारखे आहे.

स्मृतीतील दोष : स्थापना ही संगणकाच्या स्मृतीची नकळत घेतलेली कसून परीक्षा असते. विंडोजच्या प्रतिमा-फाइलीत प्रत्येक घटक-फाइलीबरोबर तिची शा-१ पद्धतीने काढलेली ताळेबेरीज (मजकूर बदलला का हे ओळखण्याचा आकडा) ठेवलेली असते. फाइल उलगडल्यावर ही बेरीज पुन्हा काढून जुळविली जाते. रॅममधील एखादा कप्पा सदोष असून एकच बिट उलटला, तरी बेरीज चुकते आणि ८००७०५७० या संकेतांकासह फाइल खराब असल्याचा संदेश येतो. संदेश फाइलीबद्दल असल्यामुळे दोष पेनड्राइव्हला दिला जातो, नवा पेनड्राइव्ह आणला जातो आणि बिघाड कायम राहतो. दोन्हींतील फरक ओळखण्याची ठोकळ खूण अशी : माध्यम खराब असल्यास काम बहुधा दर वेळी त्याच टक्क्यावर अडते, तर रॅम खराब असल्यास एकदा २३ वर, एकदा ६१ वर असे जागा बदलून अडते. ही खूण निर्णायक नाही, मात्र तपासाचा क्रम ठरविण्यास पुरेशी आहे. खात्री करून घेण्यासाठी प्रचालन प्रणालीविना थेट सुरू होणारे, १९९४ मध्ये ख्रिस ब्रॅडी यांनी प्रथम प्रसृत केलेले मेमटेस्ट८६ किंवा त्यापासून निघालेले मेमटेस्ट८६+ चालवावे. किमान एक पूर्ण फेरी होऊ द्यावी. शक्य असल्यास रात्रभर चालवावे. दोन पट्ट्या असल्यास एकेक काढून पाहावे. पट्टीचे सोनेरी टोक खोडरबराने घासून पुन्हा बसविण्याचा दुकानांतील उपाय संपर्कातील गंज व मळ यांवर खरोखरच गुणकारी असतो, पण आतल्या चिपमधील दोषावर त्याचा उपयोग नाही. स्मृती ठरावीक वेगापेक्षा अधिक वेगाने चालविण्याची फर्मवेअरमधील सोय (एक्सएमपी) स्थापनेपुरती बंद ठेवणे श्रेयस्कर.

माध्यम व साठवण : मूळ प्रतिमा-फाइल उतरवून घेतल्यावर तिची शा-२५६ ताळेबेरीज प्रकाशकाने दिलेल्या बेरजेशी ताडून पाहावी. बाजारात मिळणाऱ्या काही बनावट पेनड्राइव्हांची खरी क्षमता वरच्या आकड्यापेक्षा पुष्कळ कमी असते. ते सगळे लिहून घेतल्याचे दाखवितात, पण क्षमतेपलीकडील भाग वाचताना हरवलेला असतो. पेनड्राइव्हवरील फॅट३२ या फाइल-मांडणीत एका फाइलीची मर्यादा ४ गिगाबाइटला एक बाइट कमी एवढी असल्याने विंडोजची मोठी प्रतिमा-फाइल त्यावर मावत नाही. ती तुकड्यांत विभागावी लागते.

चकती दिसतच नसेल, तर ती खराब झाली असा निष्कर्ष घाईने काढू नये. अकराव्या पिढीच्या इंटेल कोअर प्रक्रियकांपासून अनेक लॅपटॉपांत साठवण व्हीएमडी या इंटेलच्या साठवण-नियंत्रकामागे असते आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या माध्यमात असेलच असे नाही. तो पेनड्राइव्हवरून ‘लोड ड्रायव्हर’ करून द्यावा लागतो. हीच अडचण जुन्या पिढ्यांनाही आली होती. एक्सपीच्या सीडीत एएचसीआय या साटा चकत्यांच्या नियंत्रकाचा ड्रायव्हर नसल्याने स्थापना सुरू होताच ७बी (इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस) हा थांबा-संकेतांक येई आणि एफ ६ दाबून फ्लॉपीवरील ड्रायव्हर द्यावा लागे. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३.० चा ड्रायव्हर नव्हता, म्हणून २०१५ नंतरच्या अनेक यंत्रांवर स्थापनेचा पडदा येताच कळफलक व माउस निष्प्राण होत. चालू प्रणाली असताना फर्मवेअरमधील साठवणीची मांडणी रेडवरून (अनेक चकत्या एकत्र जोडण्याच्या मांडणीवरून) एएचसीआयवर किंवा उलट बदलल्यासही ७बी येतो, आणि मांडणी पूर्ववत केल्यास तो जातो.

चकतीवर कोणता विभाग कोठे आहे हे सांगणारे जुने एमबीआर विभाग-कोष्टक १९८३ मधील डॉस २.० पासून प्रचलित आहे. त्यातील क्षेत्र-क्रमांक (सेक्टर-क्रमांक) ३२ बिटांचे असल्याने ५१२ बाइटांच्या क्षेत्रांच्या चकतीवर सुमारे २ टेराबाइटपलीकडील जागा वापरता येत नाही. यूईएफआय या नव्या फर्मवेअर पद्धतीने सुरू झालेला विंडोजचा स्थापक अशा कोष्टकावर काम करण्यास नकार देतो आणि जीपीटी हे नवे कोष्टक मागतो. कोष्टक बदलण्याच्या नेहमीच्या आज्ञेने चकतीवरील सर्व काही पुसले जाते, ही सूचना येथे आवर्जून करणे आवश्यक आहे.

प्रक्रियकाची मर्यादा : विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने जुन्या यंत्रांवर विंडोज ११ बसविण्याचे प्रयत्न वाढणे साहजिक होते. टीपीएम २.० (सुरक्षा-चिप) व सिक्युअर बूट (केवळ विश्वासार्ह प्रणालीच सुरू होऊ देणारी फर्मवेअरमधील सोय) यांची तपासणी चुकविण्याच्या युक्त्या प्रचलित आहेत. परंतु २४एच२ या आवृत्तीपासून गाभाच पॉपकाउंट व एसएसई ४.२ या प्रक्रियकाच्या आज्ञा वापरतो. या आज्ञा इंटेलच्या २००८ मधील नेहेलम रचनेपासून आहेत. त्यापूर्वीच्या कोअर २ ड्युओ यंत्रांत नाहीत. अशी यंत्रे कोणताही संदेश न देता बोधचिन्हावर थांबतात किंवा पुन्हापुन्हा सुरू होतात, आणि त्यावर कोणतीही युक्ती चालत नाही. अशा यंत्रांवर हलकी लिनक्स प्रणाली बसविणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

सोलापुरातील परिस्थिती : सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत कमाल तापमान ४० अंश से.च्या वर जाते, आणि शहराच्या पूर्व भागात व अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत चादरी व टेरी टॉवेल विणणारे यंत्रमाग कारखाने आहेत. मागांच्या शेडला लागून असलेल्या कचेरीतील संगणकात सुती धाग्याचे सूक्ष्म तंतू शिरतात. असे कॅबिनेट उघडल्यास पंखा वरून स्वच्छ दिसतो; पंख्याचे चार स्क्रू काढल्यावर मात्र पंखा व हीट सिंकची (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाची) पाती यांच्यामध्ये पांढुरक्या तंतूंचा नमद्यासारखा दाट थर चिकटलेला आढळतो. त्यामुळे वरून ब्लोअर मारून भागत नाही.

या थराचा परिणाम साध्या गणिताने दाखविता येतो. प्रक्रियकाचे तापमान म्हणजे भोवतालचे तापमान अधिक शक्ती व उष्णतारोध यांचा गुणाकार. ६५ वॅटचा प्रक्रियक व दर वॅटला ०.५ अंश रोध धरल्यास ४२ अंशांच्या खोलीत तापमान ७४.५ अंश होते. तंतूंमुळे रोध ०.९ झाल्यास ते १००.५ अंशांवर जाते. याच सुमारास बहुतेक प्रक्रियक वेग कमी करतात आणि अखेरीस यंत्र बंद करतात. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. एकाच पानावर टाइप करताना प्रक्रियक जवळजवळ रिकामा असतो. प्रतिमा उलगडताना तो पूर्ण भाराने चालतो. म्हणूनच ‘कालपर्यंत चालत होता, विंडोज मारताना बंद पडला’ ही ग्राहकाची तक्रार खरी असू शकते. पाती धुऊन-पुसून नवी थर्मल पेस्ट लावावी, आणि चैत्र-वैशाखात हे काम सकाळी लवकर उरकावे.

विजेचा प्रश्न याला जोडूनच येतो. मागाची मोटर सुरू होताना नेहमीच्या प्रवाहाच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते, आणि त्याच जोडणीवर असलेल्या संगणकाला क्षणभर कमी दाब मिळतो. चांगला एसएमपीएस (संगणकातील वीजपुरवठ्याचा डबा) ही दाबाची घट सहन करतो. उष्णतेने ज्याचे कपॅसिटर सुकले किंवा वरून फुगले आहेत, तो करीत नाही. एटीएक्स या वीजपुरवठ्याच्या मानकानुसार १२ व्होल्टच्या वाहिनीवर ५ टक्क्यांची सूट आहे, म्हणजे भारावर असताना मल्टिमीटर ११.४ च्या खाली उतरल्यास एसएमपीएस बदलावा. स्थापनेपूर्वी यूपीएसची बॅटरी पाहून घ्यावी. फर्मवेअर अद्ययावत करतेवेळी वीज गेल्यास मदरबोर्डच निकामी होऊ शकतो.

लिनक्स : लिनक्सच्या स्थापनेत काळा पडदा येऊन काम थांबल्याचे दिसते, तेव्हा पुष्कळदा गाभा चालूच असतो आणि केवळ चित्र-ड्रायव्हर अडलेला असतो. एनव्हिडियाच्या नव्या कार्डांवर नूव्हो या मुक्त ड्रायव्हरमुळे असे घडते. आरंभ-सूचीत ‘नोमोडसेट’ हा पर्याय जोडल्यास फर्मवेअरने दिलेली साधी चित्रव्यवस्था वापरली जाते व स्थापना पुरी करता येते. कंट्रोल, आल्ट व एफ २ दाबून अक्षर-पडदा उघडतो की नाही, यावरून गाभा जिवंत आहे का ते कळते. स्क्वॅशएफएसच्या (माध्यमावरील संकुचित फाइल-मांडणीच्या) त्रुटी दिसल्यास माध्यम पुन्हा तयार करावे. मॅक संगणकांत प्रणाली व हार्डवेअर एकाच उत्पादकाचे असल्याने ड्रायव्हर न जुळण्याचे प्रश्न तेथे कमी येतात; स्मृती, चकती, माध्यम व उष्णता यांचे दोष मात्र तेथेही संभवतात.

विदेचे संरक्षण : निदानास हात घालण्यापूर्वी जुनी चकती काढून दुसऱ्या यंत्रावर तिची प्रत घ्यावी. व्यापारी पेढीचा टॅलीतील हिशेब हा संगणकापेक्षा मौल्यवान असतो. चकती विंडोजमधील बिटलॉकर या सोयीने कूटबद्ध असल्यास टीपीएम पुसणे, सिक्युअर बूट बदलणे किंवा मदरबोर्ड बदलणे यांनंतर ४८ अंकी पुनर्प्राप्ती-कळ मागितली जाते. विंडोज ११ च्या २४एच२ पासून कोऱ्या स्थापनेत मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यास पात्र यंत्रांवर हे कूटीकरण आपोआप सुरू होते, त्यामुळे मालकाला ते चालू असल्याचे ठाऊक नसते. कळ त्या खात्यात साठविलेली असते. म्हणून फर्मवेअरला हात लावण्याआधी ती खात्यातून काढून कागदावर उतरवून घ्यावी, कारण कळ हरवल्यास त्या चकतीवरील माहिती परत मिळविण्याचा मार्ग नाही.