"वय झालं की विसरायला होतंच" हे अर्धंच खरं आहे

घरोघरी हे वाक्य ऐकू येतं आणि त्यापायी तपासणी राहून जाते. वयानुसार मेंदूचा स्पीड कमी होतो हे खरंय, नाव पटकन आठवत नाही, तासाभराने आपोआप आठवतं, हे नॉर्मल. पण आजी दहा मिनिटांत तोच प्रश्न पाचव्यांदा विचारतेय आणि आधी विचारलेलं तिच्या गावीही नाही, किंवा आजोबा शर्टाचं बटण हातात धरून पुढे काय करायचं म्हणून थांबलेत, तर ते वय नाही, आजाराचं लक्षण असू शकतं. ज्यांच्या नावाने अल्झायमर हा स्मृती हळूहळू जाण्याचा आजार ओळखला जातो, त्या डॉक्टर अल्झायमर यांनी 1906 साली मांडलेली पहिली केस पन्नाशीतल्या बाईची होती, म्हणजे हा आजार म्हातारपणाचं दुसरं नाव नाहीच.

आणि दरवेळी डिमेन्शियाच (अल्झायमरसारख्या आजारांमुळे स्मृती आणि विचारशक्ती ढासळत जाणं) असतो असंही नाही हं, व्हिटॅमिन बी१२ कमी असणं, थायरॉइड, डिप्रेशन, झोपेच्या गोळ्या यानेही विसराळूपणा येतो आणि तो बऱ्याचदा उपचारांनी सुधारतो.

एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागले, माणसं ओळखेनात, तर लघवीचं इन्फेक्शन, अंगातलं पाणी कमी होणं, नवीन औषध असं काहीही असू शकतं. तेव्हा प्लीज थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, चालू गोळ्यांची सगळी पाकिटं सोबत न्या.